रागवायचंय, पण स्पॅनिशमधून

पत्र:

ताई, मी मूळची नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी आम्ही माद्रिदला आलो. यायच्या आधी पुण्यात क्लास लावून बी-१, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत स्पॅनिश केलं होतं. भाजीपाला, बँक, मुलाची शाळा, सगळं निभावते. राग आला की मात्र वाचाच बसते. आमच्या घरातला बॉयलर बंद पडून दोन आठवडे झाले. घरमालक आज-उद्या करतोय आणि मी हसून 'नो पासा नादा', म्हणजे 'काही हरकत नाही', म्हणते. वरच्या मजल्यावरचे लोक रात्री बारानंतर खुर्च्या-टेबलं ओढत बसतात. भाषेच्या वर्गातली एक स्पॅनिश मैत्रीण दिवाळीच्या जेवणाला येते म्हणाली होती. आली नाही, साधा मेसेजही केला नाही. तिलासुद्धा मी 'नो पासा नादा'च म्हटलं. नवरा म्हणतो, परका देश आहे, जाऊ दे. तो मेक्सिकोच्या टीमबरोबर काम करतो, आणि त्याच्या मते तिकडे रागाचे शब्दच निराळे आहेत. आमचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेतून एक शब्द उचलून आलाय, तो मला इथे लिहवत नाही. मी फोनवर राग-नाराजीच्या शंभर शब्दांची यादी पाठ केली आहे, पण ऐन वेळी एकही तोंडात येत नाही. नेमके कुठले शब्द शिकू? (नाव छापू नये.)

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

ती यादी मी न बघताच सांगू शकते. संतप्त, क्रुद्ध, चिडलेला, वैतागलेला, खवळलेला, नाराज, खिन्न… अशी विशेषणांची रांग असणार. आता मला सांगा, नाशिकला प्लंबरनं दोन आठवडे टांगवून ठेवलं असतं, तर तुम्ही त्याला 'मी क्रुद्ध आहे' म्हणाला असतात का? 'अहो, पंधरा दिवस झाले, पाणी नाही, येताय कधी?' असं म्हणाला असतात. त्या वाक्यात रागाचा एकही शब्द नाही आणि राग मात्र पुरेपूर आहे. स्पॅनिशमध्येही तसंच चालतं. म्हणून यादी विसरा. आठ-दहा वाक्यांचे साचे आणि त्यांची चढती भाजणी एवढं तोंडात बसलं, तर माद्रिदमध्ये तुमचं अडणार नाही.

उच्चारांबद्दल आधीच सांगते. खाली सगळं स्पेनमधल्या बोलण्याप्रमाणे लिहिलं आहे. त्यातला 'थ' म्हणजे आपला थाळीतला थ नव्हे, जीभ दातांमध्ये धरून सोडलेला वारा आहे. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत त्याच जागी सरळ 'स' म्हणतात. त आणि द मात्र जवळपास आपलेच, दातांवरचे. इंग्रजीतून आलेल्यांना तेवढंही फुकट मिळत नाही.

आपल्याला आणखी एक गोष्ट फुकट मिळते, आणि क्लासमध्ये इंग्रजीतून शिकवत असल्यामुळे ती कुणी सांगत नाही. इंग्रजीत राग 'मी असतो'. मराठीत राग मला 'येतो', कंटाळा मला येतो, वाईट मला वाटतं. स्पॅनिशमध्येही 'मे दा राबिया', शब्दशः 'मला राग देतं'. 'मे दा पेना', वाईट वाटतं. 'मे दा आस्को', किळस येते. 'मे दा बेरग्वेन्था', लाज वाटते. 'मे मोलेस्ता', त्रास होतो. 'मे फास्तीदिया', वैताग येतो. वाक्याची सुरुवात 'मला'पासून करा, म्हणजे 'मे'पासून, आणि पुढे भावना ठेवा. डोक्यात मराठी असेल तर हे साचे आपोआप पडतात. मध्ये इंग्रजीचा थांबा घेतलात की गाडी तिथेच अडते.

'मोलेस्ता' हा शब्द बघून पुष्कळांना इंग्रजीतला भलता अर्थ आठवतो आणि ते बिचकतात. बिचकू नका. स्पेनमधल्या हॉटेलांत खोलीच्या दाराला 'नो मोलेस्तार' अशी पाटी लटकवतात, म्हणजे 'त्रास देऊ नये'. इतका साधा, घरगुती शब्द आहे तो. उलट 'दिसगुस्तादा' हा शब्द दिसतो किळसवाणा, पण त्याचा अर्थ नुसताच 'नाराज, मनाला लागलेलं' असा आहे. किळसेसाठी 'आस्को' आहे.

दुसरीही एक रचना आहे: 'एस्तोय एनफादादा', मी रागावले आहे. (पुरुष असेल तर 'एनफादादो'. रागातसुद्धा लिंग सांभाळावं लागतं.) या दोन्हींतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. 'मला याचा राग येतो' म्हटलं की बोट त्या गोष्टीकडे जातं. 'मी रागावलेय' म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, 'माझ्यावर?' आणि पुढे 'कोन्तीगो' जोडलंत, म्हणजे 'तुझ्यावर', तर भांडण माणसाशी सुरू झालं. घरमालकाशी, शेजाऱ्याशी, दुकानदाराशी बोलताना पहिली रचना वापरा. 'एस्तोय एनफादादा कोन्तीगो' नवऱ्यासाठी आणि जवळच्या मैत्रिणींसाठी राखून ठेवा.

आता भाजणी. तुमची खरी अडचण इथे आहे असं मला वाटतं. तुमच्याकडे एका टोकाला 'नो पासा नादा' आहे आणि दुसऱ्या टोकाला मुलानं आणलेला तो शब्द. मधला जिनाच नाही. मिसळीला जशा तर्रीच्या पायऱ्या असतात, तशा इथेही आहेत.

सगळ्यांत सौम्य 'नो मे आथे मूचा ग्राथिया'. अक्षरशः 'यात मला फारशी गंमत वाटत नाही', आणि अर्थ 'मला हे काही पसंत नाही'. हे अगदी सभ्य आहे, आणि नेमकं त्यामुळेच ऐकणारा सावध होतो. त्याच्या वर 'मे मोलेस्ता' आणि 'मे फास्तीदिया'. त्याच्या वर 'मे आ सेन्तादो माल', म्हणजे मला ते लागलं, खटकलं. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण जेवण बाधलं तरी स्पेनमध्ये हेच म्हणतात. शिळं मासळीचं कालवण पोटाला बाधतं आणि मैत्रिणीचं बोलणं मनाला. दोन्हींना क्रियापद एकच.

त्याच्याही वर 'एस्तोय आर्ता'. लिहिताना त्यात सुरुवातीला ह असतो, पण स्पॅनिशमध्ये ह मुका. कानावर पडतो तो आपला 'आर्त'! नातं काहीच नाही. लॅटिनमधल्या 'ठासून भरलेला' अशा अर्थाच्या शब्दावरून तो आला आहे, म्हणजे 'आता बास, पोट भरलं'. पण लक्षात ठेवायला याहून सोपा शब्द तुम्हाला सापडायचा नाही. 'एस्तोय आर्ता दे एस्पेरार': वाट बघून बघून कंटाळले. स्पेनमध्ये याचंच बोलीतलं रूप 'एस्तोय आस्ता लास नारीथेस', म्हणजे नाकापर्यंत आलंय. आपल्याही नाकी नऊ येतात, तेव्हा शरीराचा नकाशा जुळतो. हे चारचौघांत चालतं, पण घरमालकाला लिहिताना नको. सगळ्यांत वरच्या पायरीवर 'या एस्ता ब्येन!'. शब्दशः 'आता ठीक आहे', प्रत्यक्षात 'आता पुरे झालं हं!'. इथे सूर चुकला तर अर्थ उलटा होतो. 'एस्ता' वर जोर देऊन, आवाज खाली आणत म्हणायचं. त्याच पायरीवर 'एस उना बेरग्वेन्था', ही लाजिरवाणी गोष्ट आहे. हे संस्थेला, कंपनीला, कार्यालयाला म्हणतात, शेजारणीला नाही.

आता बॉयलर. याला माद्रिदमध्ये 'काल्देरा' म्हणतात आणि घरमालकाला 'कासेरो'. तुम्ही म्हणता त्यावरून सगळं बोलणं तोंडी झालंय. ते आजपासून बंद. व्हॉट्सॲपवर लिहा, म्हणजे तारीख राहते. मजकूर असा:

'ओला, ब्वेनोस दीयास. येबामोस दोस सेमानास सिन आग्वा काल्येन्ते. एन्त्येन्दो के एल तेक्निको तिएने मूचो त्राबाखो, पेरो कोन उन नीन्यो एन कासा नो पोदेमोस सेगीर आसी. के दीया ब्येने? नेथेसीतो उना फेचा, पोर फाबोर.'

म्हणजे: नमस्कार. दोन आठवडे झाले, घरात गरम पाणी नाही. तंत्रज्ञाला खूप कामं असतात हे समजू शकते, पण लहान मूल घरात असताना असं पुढे चालू शकत नाही. कोणत्या दिवशी येणार? मला तारीख हवी आहे.

यात 'येबामोस… सिन…' हे हत्यार आहे. 'इतके दिवस झाले, अमुक नाही' असं नुसतं मोजून दाखवायचं. 'येबो ऊना ओरा एस्पेरान्दो', तासभर वाट बघतेय. 'येबामोस त्रेस दीयास सिन लुथ', तीन दिवस वीज नाही. विशेषण नाही, आरोप नाही, आकडा आहे. समोरच्याला त्यावर वाद घालायला जागाच राहत नाही.

तो फोन करील आणि म्हणेल 'मान्याना सिन फाल्ता', उद्या नक्की. तुम्ही आनंदानं 'ग्राथियास' म्हणू नका. 'आ के ओरा?' विचारा, किती वाजता. मग बहुधा तो म्हणेल 'त्रांकीला, मुखेर', अहो शांत व्हा. हे ऐकलं की अंगाची लाही होते, मला कल्पना आहे. त्यावर उत्तर आधीच घोकून ठेवा: 'एस्तोय त्रांकीला, पेरो नेथेसीतो उना ओरा.' मी शांतच आहे, पण मला वेळ सांगा. 'या, पेरो…' हाही छोटा जोड तोंडात बसवा. आपलं 'हो, ते खरं, पण…' जे करतं, तेच तो करतो. त्यानं काहीही सबब सांगू दे, 'या, पेरो' म्हणून गाडी पुन्हा पाण्यावर आणायची.

नवरोबांना सांगा, 'जाऊ दे' म्हणायची गरज नाही, कायदा तुमच्या बाजूनं बोलतो. भाड्याच्या घरांसाठी स्पेनचा 1994 चा कायदा आहे, त्याच्या 21 व्या कलमाप्रमाणे घर राहण्याजोगं ठेवण्यासाठी लागणारी दुरुस्ती मालकानं करायची, आणि त्यासाठी भाडं वाढवायचं नाही. रोजच्या वापरानं झालेली किरकोळ झीज भाडेकरूकडे, आणि तुमच्या हातून काही मोडलं असेल तर तेही तुमच्याकडेच. आणखी एक गोष्ट त्यातच आहे: बिघाडाची माहिती मालकाला लवकरात लवकर द्यायची जबाबदारी भाडेकरूची. म्हणून तो व्हॉट्सॲप संदेश महत्त्वाचा. तरीही हलला नाही, तर 'बुरोफाक्स' पाठवतात. टपाल खात्यातून जाणारं हे पत्र, ज्यात काय लिहिलं होतं आणि ते कधी पोचलं याचा दाखला मिळतो. स्पेनमध्ये 'ले बोय आ मान्दार उन बुरोफाक्स' (तुम्हाला बुरोफाक्स पाठवते) एवढं म्हटलं तरी समोरचा खुर्चीत सावरून बसतो. भाडं मात्र स्वतःहून थांबवू नका. त्यात तुम्हीच अडकाल.

या घरमालकाला तुम्ही 'तू' म्हणता की 'उस्तेद', हे पत्रात लिहिलेलं नाही. स्पॅनिशचा 'तू' उच्चारानं आणि अर्थानं आपलाच 'तू' आहे, आणि 'उस्तेद' म्हणजे 'तुम्ही, आपण'. स्पेनमध्ये तू सढळ हातानं वापरतात, बँकेतली मुलगीसुद्धा पहिल्या भेटीत तू म्हणते. जे चालू आहे तेच चालू ठेवा. कालपर्यंत अगंतुगं करणारी बाई अचानक 'तुम्ही'वर आली की आपल्याकडे घरात थंडी पडते ना? तिथेही पडते. ती थंडी हवी असेल तेव्हाच बदला. बुरोफाक्समध्ये अर्थात उस्तेदच.

शेजाऱ्यांचं काम त्या मानानं सोपं आहे. रात्री बारा वाजता चिडून जिना चढू नका, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा. 'ओला, सोय ला बेथीना दे आबाखो. पेर्दोना के ते मोलेस्ते, पेरो एस के पोर ला नोचे से ओये तोदो.' मी खालची शेजारीण, त्रास देतेय माफ कर, पण काय होतं ना, रात्री सगळं ऐकू येतं. 'तू आवाज करतोस' असं कुठेही आलेलं नाही, 'ऐकू येतं' एवढंच. 'एस के' हा आपला 'काय आहे ना'. त्याच्याशिवाय स्पेनमध्ये कुणी तक्रारही करत नाही आणि सबबही सांगत नाही. दोन-तीनदा सांगूनही खुर्च्या थांबल्या नाहीत, तर इमारतीच्या सोसायटीचा अध्यक्ष असतो, 'प्रेसिदेन्ते दे ला कोमुनिदाद', त्याच्या कानावर घाला. सोसायटीच्या अध्यक्षाकडे तक्रार कशी न्यायची हे नाशिककरांना मी काय शिकवणार!

मैत्रिणीचं मात्र मला सावकाश बोलायचंय, कारण इथे शब्द चुकला तर नातं जाईल, आणि गप्प राहिलात तरी जाईल. तुम्ही सामोसे तळले असतील, चकल्या मांडल्या असतील, दार उघडं ठेवलं असेल. तुम्हाला जे झालं तो राग आहे की वाईट वाटणं? पत्र पुन्हा वाचलं तर मला वाईट वाटणंच दिसतं. मग 'एनफादादा' वापरू नका. 'मे दियो पेना के नो बिन्येरास', तू आली नाहीस याचं वाईट वाटलं. हे म्हणताना कमीपणा नाही आणि हल्लाही नाही. ती बहुधा ओशाळेल आणि कारण सांगेल. मग दुसरं, जरा ठाम वाक्य: 'पेरो मे सेन्तो माल के नो मे आबिसारास', पण तू कळवलं नाहीस ते मला लागलं. न येणं आणि न कळवणं या दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या केल्यात, आणि खरी तक्रार दुसरीची आहे हे तिला समजलं.

आणि चेष्टेत घ्यायचं असेल, तर 'मे देखास्ते प्लान्तादा'! मला रोपासारखं रोवून गेलीस. भेटायचं ठरवून न येणाऱ्याबद्दल स्पॅनिशमध्ये हेच म्हणतात. हसत म्हटलंत तर हसण्यावारी जातं, हसू न आणता म्हटलंत तर चांगलंच झोंबतं.

'मे दियो पेना…' आणि 'मे सेन्तो माल…' या दोन वाक्यांत तुम्हाला बी-१ मध्ये छळलेला तो सुबखुन्तिबो, म्हणजे भावना, इच्छा, शंका यांच्यामागून येणारं क्रियापदाचं निराळं रूप, आला आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दुसऱ्याच्या वागण्याबद्दल आपली भावना सांगायची असेल तर 'के' नंतर तोच येतो, त्याला इलाज नाही. स्वतःच्याच करण्याबद्दल असेल तर साधं मूळ क्रियापद: 'मे फास्तीदिया एस्पेरार'. पण राग आलेला असताना कुणाला आठवतात ती रूपं? तेव्हा वाक्य मोडा. 'नो मे आबिसास. एसो मे मोलेस्ता.' तू कळवत नाहीस. त्याचा मला त्रास होतो. दोन्ही तुकडे पहिल्या वर्षाच्या व्याकरणाचे आणि दोन्ही अचूक. 'एसो मे मोलेस्ता' हे तीन शब्द कुठल्याही तक्रारीच्या शेवटी लावता येतात. शिक्षक काय म्हणतील याची चिंता करू नका. मी शिक्षकच आहे.

दुकान-हॉटेलांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी एवढं माहीत असू द्या. स्पेनमध्ये ग्राहकांसाठी 'ओखा दे रेक्लामाथ्योनेस' नावाचा अधिकृत तक्रार फॉर्म असतो, आणि तो उपलब्ध असल्याची पाटी दुकानात लावलेली दिसते. फसवणूक झाली, बिल चुकीचं आलं आणि कुणी दाद देत नसेल तर शांतपणे 'मे दा उना ओखा दे रेक्लामाथ्योनेस, पोर फाबोर?' म्हणा. आवाज चढवण्यापेक्षा याचा परिणाम जास्त. आणि गास्पाचोचं सूप थंड आलं म्हणून कृपा करून तो मागू नका. ते थंडच असतं.

मुलगा. तुम्हाला लिहवला नाही तो शब्द बहुतेक 'खोदेर' असणार. ही शिवीच आहे, पण स्पेनमध्ये ती बस चुकल्यावर, पेला सांडल्यावर, गोल हुकल्यावर, अगदी शहाणीसुरती माणसंही टाकतात. त्यामुळे पोरानं तो उचलला यात नवल नाही. त्याला रागावून उपयोग नाही, बदली शब्द द्या. त्याच्या वयाची स्पॅनिश मुलं 'खो!' म्हणतात. आपल्या खो-खोतला खो. नाहीतर 'खोपे!' किंवा 'खोलीन!'. मोठ्यांसाठी 'ओस्त्रास', म्हणजे कालवं, आणि आजीबाईंसाठी 'मेकाचीस'. हे सगळे खऱ्या शिव्या अर्ध्यात गिळून केलेले आहेत, आपणही पोरांसमोर करतोच की. तुम्ही स्वतः यातलं 'ओस्त्रास' बिनधास्त वापरा.

खऱ्या शिव्या समजून घ्या सगळ्या, बोलू मात्र नका. हे सोवळेपणानं सांगत नाहीये. परक्या उच्चारातली शिवी ऐकणाऱ्याला दुप्पट जड लागते, आणि कुठल्या सुरात ती मायेची होते हे कळायला वर्षं जातात. एखादा शब्द कानावर आला आणि शंका आली, तर स्पॅनिश भाषेच्या शाही अकादमीचा, म्हणजे राएचा, शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात अशा शब्दांपुढे 'माल्सोनान्ते', म्हणजे कानाला वाईट लागणारा, अशी छोटी खूण असते. कुठल्या देशात बोलतात त्याचीही खूण असते.

आणि तो मेक्सिकोचा प्रश्न. तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. 'एनफादादो' स्पेनचा, अटलांटिकपलीकडे 'एनोखादो' जास्त चालतो. मेक्सिकोत राग आला की 'मे दा कोराखे' म्हणतात, एखादी गोष्ट अजिबात सहन होत नसेल तर 'मे चोका'. मुख्य सावधगिरी 'मे दा पेना'बद्दल. माद्रिदमध्ये त्याचा अर्थ 'वाईट वाटतं', मेक्सिकोत 'लाज वाटते, संकोच होतो'. डेडलाइन चुकली म्हणून त्यांच्या टीममधल्या कुणी 'मे दा पेना' लिहिलं, तर तो दुःखात नाही, ओशाळलेला आहे. ऑफिसच्या मेलमध्ये त्यांनी राग वगैरे शब्दांत पडूच नये. 'मे प्रेओकुपा', मला काळजी वाटते, हा शब्द तिथे रागाचंही काम करतो. फारच झालं तर 'इन्कोन्फोर्मिदाद', असहमती, नाराजी. हा मेक्सिकन कागदोपत्री भाषेतला रीतसर शब्द आहे. बाकी अर्जेंटिनात 'ब्रोन्का', कोलंबियात 'ब्राबो', पेरूत 'कोलेरा'. हो, कॉलराच! पण स्त्रीलिंगी असला की राग आणि पुल्लिंगी असला की रोग. हे तुम्ही पाठ करायची काही गरज नाही. माद्रिदमध्ये राहताय, माद्रिदचं शिका.

सरावाचं विचाराल, तर भांडणापासून सुरुवात करू नका. लिफ्टपासून करा. स्पेनमध्ये ओळख वाढते ती बरोबरीनं कुरकुर करण्यातून. उन्हाळ्यात लिफ्टमध्ये कुणी भेटलं की म्हणतं 'के कालोर!', काय हा उकाडा, आणि त्यावर तुम्ही 'नो आय क्येन लो आग्वान्ते!' म्हणा, हे सहन करणारा जन्माला यायचाय. मेट्रो थांबली, पाऊस थांबेना, सुपरमार्केटात एकच काउंटर उघडा, प्रत्येक वेळी हेच वाक्य चालतं. यात कुणी दुखावत नाही, आणि तक्रारीचा सूर जिभेला सवयीचा होतो. लक्ष देऊन ऐका, तिथले लोक असं बोलताना हसत नाहीत. आपण मराठी बायका तक्रार करतानाही तोंडावर हसू ठेवतो. ते हसू तेवढं काढून ठेवा, कारण शब्द कितीही ठाम असले तरी समोरचा चेहरा वाचतो. आवाज मोठा झाला म्हणून मात्र घाबरू नका. माद्रिदमध्ये चार जण एकाच वेळी मोठ्यानं बोलत असतील तर बहुधा जेवायला कुठे जायचं ते ठरत असतं.

भाषेच्या देवाणघेवाणीला कुणी जोडीदार मिळाला, तर त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारण्याऐवजी त्याला घरमालक करा. त्यानं सबबी सांगायच्या, तुम्ही 'या, पेरो' म्हणायचं. बॉयलरचा मेसेज मात्र त्याची वाट न बघता आज रात्रीच पाठवा.